बेसबॉलच्या मायनर लीगमधील पिचरची कारकीर्द कशी वाचावी

ठाण्याच्या सेंट्रल मैदानावर क्रिकेट पाहत वाढलेल्या वाचकाने पिचरची (बेसबॉलमधील गोलंदाजाची) नोंद हाती घेतल्यावर आधी मायनर लीगमधील, म्हणजे मुख्य लीगखालच्या स्पर्धांमधील, त्याची पायरी पाहावी. रुकी, सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए अशा चढत्या क्रमात डबल-एमधील आकडे खालच्या पायऱ्यांवरील आकड्यांपेक्षा अधिक भरवशाचे मानावेत.

मग डाव मोजावेत. बेसबॉलमध्ये तीन बाद झाले की डाव संपतो; ५२.१ म्हणजे बावन्न डाव आणि वर एक बाद. हा दशांश नव्हे, आपल्या १२.४ षटकांसारखीच ही खूण आहे. ईआरए, म्हणजे नऊ डावांमागे दिलेल्या धावांची सरासरी, काढण्यासाठी पिचरच्या खात्यावरील धावांना नऊने गुणून डावांनी भागावे. एवढ्या डावांत २० धावा दिल्या असतील, तर उत्तर ३.४४ येते. क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा यात धरत नाहीत (हे सुख आपल्या गोलंदाजांच्या नशिबी नाही). तरीही माझा भर स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर फलंदाज बाद) आणि वॉक (चार चुकीच्या फेकींवर फलंदाजाला फुकट पहिला बेस) यांच्या गुणोत्तरावर असतो, कारण त्यात क्षेत्ररक्षकांचा हात जवळजवळ नसतो.

उत्तर प्रदेशातील भालाफेकपटू रिंकू सिंग याने २००८ मध्ये अमेरिकेच्या मुख्य लीगमधील पिट्सबर्ग पायरेट्स या संघाशी पिचर म्हणून करार केला आणि तो सिंगल-एपर्यंत पोहोचला; अशा नोंदीत एखादे वर्ष कोरे दिसल्यास आधी कोपराच्या दुखापतीची चौकशी करावी.