रविवारी पॅकेजिंगला येण्याआधीची तयारी

येत्या रविवारी प्रतापनगरला माझ्या घरी आपण सात जण बसणार आहोत आणि प्रत्येकाने लिनक्ससाठी एकेक पॅकेज, म्हणजे थेट बसवता येईल असं बांधलेलं सॉफ्टवेअर, अंगावर घेतलं आहे. मे महिना आहे, दुपारी लाइन कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून काही कामं घरूनच उरकून या. स्पेक फाइल, म्हणजे पॅकेज कसं बांधायचं ते सांगणारी फाइल, कशी लिहायची, बिल्ड (पॅकेज बांधण्याचं काम) अडलं तर काय करायचं, हे आपण एकत्र बसून पाहू. पण ज्या सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडवरून, पॅकेज बांधायचं तो कुठून आणला, नेमका कोणता आणला आणि हातात आहे तो तोच आहे कशावरून, या तीन प्रश्नांची उत्तरं प्रत्येकाने सोबत आणायची आहेत.

माझं पहिलं पॅकेज इथेच अडकलं होतं. मी टारबॉल, म्हणजे सोर्सच्या सगळ्या फाइली गुंडाळलेली एक फाइल, उतरवलं, त्यातलं नको असलेलं एक फोल्डर काढलं, पुन्हा गुंडाळलं आणि स्पेकमधल्या सोर्सच्या ओळीत नुसतं फाइलचं नाव लिहून दिलं. पॅकेज व्यवस्थित चालत होतं. तपासणाऱ्याने मात्र ते परत केलं, कारण त्या नावाचं, त्या आकाराचं टारबॉल जगात फक्त माझ्या लॅपटॉपवर होतं. त्याचं बरोबर होतं. मी काय काढलं आणि काय घातलं, हे त्याने कशावरून ओळखायचं? फेडोरा या लिनक्स डिस्ट्रोच्या (वितरणाच्या) नियमांत तपासणाऱ्याचं हे कामच आहे की स्पेकमधल्या पत्त्यावरून सोर्स स्वतः उतरवायचा आणि पॅकेजमधल्या सोर्सशी ताडून बघायचा.

आपल्याकडे प्लॉट घेताना कोणी विकणाऱ्याच्या शब्दावर पैसे मोजत नाही. आखीव पत्रिका काढतो, फेरफार बघतो, मगच पुढचं बोलणं. सोर्सची ओळ ही पॅकेजची आखीव पत्रिका आहे आणि आपण लावलेले पॅच हे फेरफार. मूळ कागदावर खाडाखोड करायची नाही. बदल करायचाच तर तो वेगळ्या नोंदीने, कारणासकट दाखवायचा.

तर पहिलं काम, मूळ प्रकल्प नक्की करा. सर्चमध्ये सगळ्यात वर येणारा रेपो (कोडचं भांडार) कधीकधी कोणीतरी केलेला फोर्क, म्हणजे वेगळी प्रत, असतो. प्रकल्पाची स्वतःची वेबसाइट असेल तर तिच्यावरून रेपोपर्यंत जा, उलटं नको. दुसऱ्या डिस्ट्रोकडे तयार असलेलं टारबॉल उचलू नका. डेबियन या डिस्ट्रोच्या आवृत्तीच्या आकड्याला ‘डीएफएसजी’ अशी शेपटी दिसली तर त्याचा अर्थच असा की मुक्त नसलेला भाग काढून ते टारबॉल पुन्हा बांधलेलं आहे. त्यांच्यासाठी ते योग्य आहे, पण ते मूळ नव्हे.

दुसरं काम जरा वेळ घेणारं आहे, ते शनिवारी रात्रीवर ढकलू नका. गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवर, रिलीज पानावर पुष्कळदा दोन जातीची टारबॉलं असतात. एक, विकासकाने स्वतः बांधून चढवलेलं. दुसरं, टॅगवरून (रेपोतल्या आवृत्तीच्या खुणेवरून) गिटहब आपोआप बनवतं ते. दोन्हींवर आवृत्तीचा आकडा एकच असतो, म्हणून माणूस समजतो की आतला मालही एकच. तसं असेलच असं नाही. २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली दाबणाऱ्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत हेच घडलं. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांच्या टारबॉलमध्ये बिल्डच्या वेळी चालणारी एक एम४ फाइल अशी होती, जी गिट रेपोत नव्हतीच. ती फाइल रेपोतल्या चाचणीच्या म्हणून ठेवलेल्या बायनरी फाइलींतून लपवलेला कोड बाहेर काढायची आणि लायब्ररीत घुसवायची. रेपो वाचणाऱ्याला साखळीची सुरुवातच दिसत नव्हती. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या विकासकाला एसएसएच (दूरच्या मशीनवरच्या) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, हा प्रश्न पडला, त्याने तो सोडला नाही, आणि २९ मार्च २०२४ रोजी ही गोष्ट जगासमोर आली. त्या अर्ध्या सेकंदाचा विचार केला की मला आजही धस्स होतं.

म्हणून दोन्ही टारबॉलं उतरवा, दोन फोल्डरांत उघडा आणि डिफ (दोन्हींतला फरक दाखवणारी आज्ञा) चालवा. ऑटोटूल्स (बिल्डची तयारी करणारी साधनं) वापरणाऱ्या प्रकल्पात कॉन्फिगर स्क्रिप्ट आणि तिच्या सोबतच्या तयार फाइली जास्तीच्या निघतील, ते साहजिक आहे. याखेरीज जे जास्त निघेल त्या प्रत्येक फाइलीचं कारण शोधा, सापडलं नाही तर मूळ प्रकल्पाला विचारा. उलट बाजूही बघा. आपोआप बनलेल्या टारबॉलमध्ये सबमॉड्यूलची (आत जोडलेल्या दुसऱ्या रेपोंची) फोल्डरं रिकामी येतात आणि गिटॲट्रिब्यूट्स या फाइलीत वगळायला सांगितलेल्या फाइली, बहुधा चाचण्या, येतच नाहीत. पायथनचे काही प्रकल्प आवृत्तीचा आकडा गिटच्या इतिहासातून काढतात. तो इतिहास टारबॉलमध्ये नसल्यामुळे बिल्ड तिथेच थांबतं. अशा वेळी पायपीआय या पायथन पॅकेजांच्या संग्रहावरचं सोर्स टारबॉल सोयीचं पडतं, कारण त्यात आकडा लिहिलेला असतो.

दोनपैकी कोणतं घ्यायचं? माझं मत असं की विकासकाने डिजिटल सही केलेलं टारबॉल असेल तर ते घ्या, पण वरचा डिफ केल्याशिवाय नाही. सही नसेल तर टॅगचं घ्या आणि त्या टॅगमागचा चाळीस अक्षरांचा कमिट हॅश (रेपोतल्या त्या नेमक्या नोंदीची ओळख) नोंदवून ठेवा. टॅग मागाहून दुसऱ्या कमिटवर हलवता येतो, हॅश हलत नाही.

सही असेल तर ती तपासायची विकासकाची किल्ली वेगळ्या वाटेने मिळवा. टारबॉल आणि किल्ली एकाच सर्व्हरवरून घेतली आणि तो सर्व्हरच फुटलेला असला तर दोन्ही एकमेकांशी छान जुळतील. जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचा एफटीपी (फाइली देणारा) सर्व्हर २००३ मध्ये कित्येक महिने परक्याच्या ताब्यात होता, तेव्हा ही भीती कागदावरची नाही. किल्ली पॅकेजमध्येच ठेवायची असते: फेडोरात एक वेगळा सोर्स म्हणून, डेबियनमध्ये अपस्ट्रीम फोल्डरात, आर्च या डिस्ट्रोत किल्लीचा ठसा पीकेजीबिल्डमध्ये (तिथल्या स्पेकसारख्या फाइलीत). सही काय सांगते आणि काय नाही, तेही ध्यानात असू द्या. एक्सझेडच्या त्या टारबॉलवरची सही खरी होती. सही हात कोणाचा ते सांगते, मन सांगत नाही.

आता चेकसम, म्हणजे फाइलीतल्या मजकुरावरून काढलेला तिचा ओळखीचा आकडा. तो काढायच्या पद्धतींपैकी एमडी५ आणि एसएचए-१ सोडून द्या. पहिल्याची टक्कर (दोन वेगळ्या मजकुरांचा एकच आकडा येणं) २००४ मध्ये आणि दुसऱ्याची २०१७ मध्ये करून दाखवली गेली आहे. एसएचए-२५६ किंवा ५१२ घ्या. चेकसम जुळला नाही तर घाबरू नका आणि नवा आकडा डकवून मोकळेही होऊ नका. आधी फाइल पूर्ण उतरली का ते बघा. लाइन गेली की राउटर बंद पडतो आणि अर्धवट टारबॉल तसंच पडून राहतं. फाइल पूर्ण असेल तर जुनी आणि नवी दोन्ही उघडून आतला माल ताडा. ३० जानेवारी २०२३ रोजी गिटहबवरच्या आपोआप बनणाऱ्या टारबॉलांचे चेकसम अचानक बदलले होते. आतल्या फाइली त्याच होत्या. गिटने जीझिप दाबण्याची पद्धत बदलली होती, त्यामुळे बाइट वेगळे आले. जगभरची बिल्डं पडली आणि गिटहबने त्याच दिवशी बदल मागे घेतला. त्या दिवशी न बघता आकडा बदलणाऱ्यांचं नुकसान झालं नसेल, पण सवय वाईट लागली.

सोर्सच्या ओळीत पूर्ण पत्ता लिहा आणि आवृत्तीचा आकडा व्हेरिएबलमधून येऊ द्या, म्हणजे पुढच्या वेळी एकाच जागी बदल करावा लागेल. गिटहबच्या टॅगवरून आलेल्या फाइलीचं नाव पुष्कळदा नुसतं आवृत्तीचा आकडा असतं. पत्त्याच्या शेवटी पॅकेजचं नाव आणि आवृत्ती जोडून ते नीट करता येतं. डेबियनवाल्यांनी वॉच फाइल (नवी आवृत्ती कुठे शोधायची ते सांगणारी) लिहून यूस्कॅन (ती वाचून शोधणारं साधन) एकदा चालवून बघा. पत्ता मेलेला असेल तर, जसं २०१६ मध्ये बंद झालेल्या गूगल कोडवरच्या जुन्या प्रकल्पांचं झालं, सॉफ्टवेअर हेरिटेज या सोर्स कोडच्या संग्रहात शोधा आणि स्पेकमध्ये टिपणी लिहून तसं सांगा.

काही भाग कायद्याने काढावाच लागत असेल तर तो हाताने काढू नका. मूळ टारबॉल उतरवून तो भाग वगळणारी छोटी स्क्रिप्ट लिहा आणि ती पॅकेजसोबत ठेवा. माझ्या पहिल्या पॅकेजला शेवटी हीच दहा ओळींची स्क्रिप्ट जोडली, तेव्हा ते पुढे गेलं.

ज्या दोघांनी देवनागरी फाँट घेतले आहेत त्यांच्यासाठी थोडं वेगळं. रिलीजच्या झिपमध्ये बहुधा तयार टीटीएफ फाँट-फाइली असतात, ज्या फाइलींतून फाँट घडवला त्या नसतात. त्या रेपोत आहेत का आणि मुक्त साधनांनी त्यांतून फाँट बांधता येतो का, ते बघून या. परवान्याचा मजकूर झिपमध्ये आहे का तेही बघा; ओपन फाँट लायसन्समध्ये तो सोबत देणं बंधनकारक आहे. राखीव नाव जाहीर केलेलं असेल आणि तुम्ही एखादं जोडाक्षर जरी सुधारलंत, तरी परवानगीशिवाय ते नाव वापरता येत नाही.

रस्ट किंवा गो या भाषांतलं पॅकेज घेतलेल्यांनी विसरू नये की फेडोरा आणि डेबियनच्या बिल्ड मशीनवर बिल्डच्या वेळी इंटरनेट नसतं. लागणाऱ्या लायब्ररी आधीच पॅकेज झालेल्या असाव्या लागतात, नाहीतर त्यांचंही टारबॉल जोडून ते कसं बनवलं हे लिहावं लागतं.

शनिवारी झोपण्याआधी एक रिकामं फोल्डर करा, त्यात फक्त स्पेक ठेवा आणि स्पेकटूलला सोर्स उतरवायला सांगा. एकही फाइल हाताने उचलून ठेवावी लागली तर ओळ अजून अपुरी आहे. लॅपटॉप पूर्ण चार्ज करून आणा.

सकाळी आठला या, ऊन चढायच्या आत तर्री पोहे आटोपू. नऊ वाजता प्रत्येकाने आपली स्पेक, पीकेजीबिल्ड किंवा डेबियन फोल्डर शेजारी बसलेल्याला द्यायचं, टारबॉल द्यायचं नाही. त्याच्या लॅपटॉपवर तेच टारबॉल उतरलं आणि चेकसम अक्षरन् अक्षर जुळला, की त्या पॅकेजचं बिल्ड सुरू करू.