'ऑन ग्रीन डॉल्फिन स्ट्रीट' ऐकायचं तर आधी सा धरा

"जॅझ ऐकायचंय, पण सुरुवात कुठून करू?" असं कोणी विचारलं की मी 'ऑन ग्रीन डॉल्फिन स्ट्रीट' ही एकच चाल त्याच्या हातात देतो. हातात म्हणजे अगदी शब्दशः, कारण ऐकताना पेटी किंवा कीबोर्ड जवळ असायला हवा. मी पेटीवर शिकलो आणि पियानोकडे नंतर वळलो, म्हणून पुढचं सगळं सरगममध्येच सांगतो.

पेटी उघडण्याआधी संगीतकाराची ओळख करून घ्या. या चालीचा विषय निघाला की ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचं नाव येतं, पियानोवादक बिल इव्हान्सचं येतं. पण जिच्यावर ते दोघे खेळले ती चाल रचणारा ब्रॉनिस्लाव कापर कुणाच्या तोंडी नसतो. हे मला मनापासून खुपतं. कापर 1902 साली वॉर्सामध्ये एका ज्यू कुटुंबात जन्मला. एकीकडे कायद्याचं शिक्षण, दुसरीकडे पियानो आणि संगीतरचनेचं. पुढे तो बर्लिनला गेला. बोलपट नुकतेच आले होते आणि निर्मात्यांना गाणी हवी होती. वॉल्टर युरमानबरोबर त्याची जोडी तिथे जमली. 1933 मध्ये नाझी सत्तेवर आले आणि दोघांना पॅरिस गाठावं लागलं. एमजीएम या चित्रपट कंपनीच्या लुई बी. मेयरने त्यांना करार देऊन हॉलिवूडला नेलं ते 1935 च्या सुमारास. पुढे 1953 च्या 'लिली' चित्रपटाच्या संगीतासाठी कापरला ऑस्कर मिळालं. 1983 मध्ये तो गेला.

आपल्या कामाचा चित्रपट 1947 चा, 'ग्रीन डॉल्फिन स्ट्रीट'. कथा एकोणिसाव्या शतकातली, इंग्लिश चॅनलमधल्या बेटावरून न्यूझीलंडला जाणारी. दोन बहिणी, आणि लग्नाची मागणी घालणाऱ्या पत्रात दारूच्या नशेत भलत्याच बहिणीचं नाव लिहून बसणारा एक माणूस. भूकंपाचं दृश्य तेव्हा गाजलं, स्पेशल इफेक्ट्सचं ऑस्करही मिळालं. पूर्ण चित्रपट बघितलाच पाहिजे असं नाही. सुरुवातीचं संगीत मात्र ऐका, कारण ही चाल मुळात मोठ्या वाद्यवृंदासाठी, पडद्यासाठी लिहिलेली आहे. तिला शब्द दिले नेड वॉशिंग्टनने.

आता पेटी. पांढरी एकचा (इंग्रजीत C) सा घ्या. डावा हात भात्यावर असणार, म्हणून उजव्या हाताचा अंगठा सा वर ठेवा आणि शेवटपर्यंत उचलू नका. कीबोर्ड असेल तर डाव्या हाताने खालचा सा दाबून ठेवा. चार मात्रांचा एक बार धरा.

पहिले दोन बार सा, ग, प, नि, सगळे शुद्ध. पुढचे दोन बार ग आणि नि कोमल करा, बाकी तसंच. इथे जरा थांबा आणि हा बदल पुनःपुन्हा वाजवा. सा आणि प जागचे हललेले नाहीत, तरी खोलीतला उजेड बदलतो. मग एक बार सा वर रे, तीव्र म, ध. त्यापुढचा एक बार हेच तिन्ही स्वर अर्धा स्वर खाली, म्हणजे कोमल रे, शुद्ध म, कोमल ध. सा आणि कोमल रे एकमेकांना घासतात. तो खरखरीतपणा टाळू नका, पूर्ण चार मात्रा तसाच राहू द्या. तिन्ही बोटं आणखी अर्धा स्वर खाली आली की सा, ग, प वर परत. शेवटचे दोन बार तिथेच विसावायचं.

आठ बार झाले आणि सा तानपुऱ्यासारखा जागचा हलला नाही. जॅझवाले याला पेडल म्हणतात. वरचे स्वर उतरताना कुठे निघालेत याची हुरहुर लागते, ती खालचा सा ठाम असल्यामुळे. ही जाण मला पडद्यासाठी लिहिणाऱ्या माणसाची वाटते: चाल फार न हलवता प्रसंगाचा रंग बदलायचा.

दुसऱ्या आठ बारांत सा सुटतो, बास म्हणजे सगळ्यात खालचा स्वर चालायला लागतो, आणि हा भाग कोमल गंधाराला नवा सा मानून काही क्षण तिथे बसतो. मघाशी नुसता रंग म्हणून आलेला तोच कोमल ग. पुन्हा पहिले आठ बार, मग समारोपाचे आठ. एकूण बत्तीस. एवढा नकाशा मनात असला की पुढे कोणी कितीही लांब वाजवो, तुम्ही हरवणार नाही.

मग रेकॉर्डिंग. थेट माइल्सकडे जाऊ नका, आधी पियानोवादक अहमद जमालच्या त्रिकुटाचं 1956 चं ऐका. जमालच्या वादनाचं माइल्सला फार कौतुक होतं. त्यानंतर माइल्सचं, 26 मे 1958 चं. सुरुवातीला बिल इव्हान्सचा पियानो, मग ट्रम्पेट. पहिल्या खेपेला ट्रम्पेटचा मोह आवरा आणि फक्त पॉल चेंबर्सचा बास ऐका. तो सा कधी धरून ठेवतो आणि कधी चालायला लागतो, तिथे बोटाने खूण करा. दुसऱ्या खेपेला बत्तीस बार मोजत जा. जॉन कोल्ट्रेन आणि कॅननबॉल अ‍ॅडर्ली, दोघेही सॅक्सोफोनवर, त्याच नकाशावर किती वेगळे फिरतात ते तिसऱ्या खेपेला. सोबत वाजवायचं असेल तर पट्टी कानाने शोधा; वादक ही चाल बहुधा पांढरी एक किंवा काळी दोनमध्ये घेतात.

हे वादन 'जॅझ ट्रॅक' नावाच्या तबकडीवर आलं. तिच्या एका बाजूला माइल्सने स्वतः एका फ्रेंच चित्रपटाला दिलेलं संगीत आहे, आणि दुसऱ्या बाजूला कापरच्या चालीबरोबर व्हिक्टर यंगची 'स्टेला बाय स्टारलाइट', तीही 1944 च्या एका चित्रपटातली. ती पूर्ण तबकडी एका बैठकीत ऐका.

कापरची पुढची चाल म्हणून 'इन्व्हिटेशन' घ्या. ती 1950 च्या चित्रपटात आली आणि 1952 मध्ये दुसऱ्या चित्रपटाला तिचंच नाव मिळालं. कोल्ट्रेनने ती जुलै 1958 मध्ये अगदी संथ वाजवली आहे. इथे मात्र सा धरून बसता येणार नाही. बास जिथे जाईल तिथे बोट घेऊन जा.