जुनी मिनी कूपर बघायला जाताना: इंजिन थंडच हवं

विकणाऱ्याशी फोनवर वेळ ठरवतानाच सांगून ठेवा, की मी येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. धुवायला काढायची नाही, पार्किंगमधून गेटपाशी आणून लावायची नाही, एसी लावून गार करून ठेवायची नाही. सकाळी सातची वेळ मागा. पोचल्यावर ते गोल हेडलाइट, डॅशबोर्डच्या मधोमध बसवलेलं ताटाएवढं स्पीडोमीटर आणि खटक्यांची रांग बघून विरघळायच्या आधी बॉनेटवर तळहात ठेवा. कोमट लागलं तर गाडी त्या दिवशी बघायचीच नाही. दुसऱ्या दिवशीची वेळ घ्या आणि निघा. समोरचा म्हणेल, ‘अहो, फक्त दोन मिनिटं चालू केली होती.’ तीच दोन मिनिटं तुम्हाला ऐकायची होती.

एवढा आग्रह का, ते सांगण्याआधी गाडी कुठली ते ठरवा. मिनी हा बीएमडब्ल्यूचा ब्रँड, तो भारतात अधिकृतपणे 2012 मध्ये आला. आपल्याकडे जुन्या बाजारात दिसणाऱ्या तीन दरवाज्यांच्या मिनी मुख्यतः दोन पिढ्यांच्या. एक आर56, जी 2013 पर्यंत बनली, आणि दुसरी एफ56, जी 2014 पासून आली. त्याशिवाय 2012 च्या आधी कुणी वैयक्तिक आयात केलेल्या गाड्याही अधूनमधून विक्रीला येतात. त्यातल्या 2007 ते 2010 च्या कूपर एसमध्ये एन14 हे टर्बो इंजिन आहे आणि त्या गाडीपासून शक्यतो लांबच राहा. 2010 नंतरच्या आर56 कूपर एसमध्ये एन18 आहे. ते सुधारलेलं आहे, पण निर्धास्त राहण्याइतकं नाही. पुढचं बरंचसं आर56 कूपर एसला धरून लिहिलंय, कारण स्वस्तात मिळते म्हणून लोक तिच्याच मोहात पडतात. फियाट 500 किंवा बीटल घेणार असाल तर मिनीचे खास तपशील सोडून बाकीचं बरंचसं लागू आहे.

आता थंड इंजिनाचं. आर56 च्या इंजिनात टायमिंगला (म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनची हालचाल जुळवायला) बेल्ट नाही, चेन आहे. ती ताणून धरणारा टेन्शनर इंजिन ऑइलच्या दाबावर चालतो. गाडी रात्रभर उभी राहिली की त्यातलं ऑइल उतरतं, आणि चेन ताणलेली असेल किंवा टेन्शनर थकलेला असेल तर सकाळी पहिल्यांदा सुरू करताना काही सेकंद खडखड ऐकू येते, डिझेल गाडीसारखी. ऑइलचा दाब आला की आवाज बंद. गाडी एकदा गरम झाली की पुन्हा सुरू करताना तो येईलच असं नाही. म्हणजे दुपारी बारा वाजता, आधीच फिरवून आणलेल्या गाडीत तुम्हाला काहीही ऐकू येणार नाही आणि तुम्ही खूश होऊन टोकन देऊन याल. पुढे चेनच्या प्लास्टिकच्या गाइड तुटतात, तुकडे ऑइलच्या संपमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात) पडतात, चेन एखादा दात सरकते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. मग हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवायचं काम निघतं आणि तो खर्च अशा गाडीच्या किमतीचा मोठा लचका तोडतो.

तळहातावर विश्वास नसेल तर ब्लूटूथचा ओबीडी अडॅप्टर (गाडीच्या संगणकातले आकडे फोनवर दाखवणारा) सोबत न्या. क्लच किंवा ब्रेकवर पाय न ठेवता स्टार्टचं बटण दाबलं की इंजिन सुरू न होता फक्त इग्निशन चालू होतं. फोनवर कूलंटचं तापमान बघा. ते बाहेरच्या हवेइतकंच हवं. पुण्यात सकाळी हवा 22 अंश आणि कूलंट 45 दाखवत असेल तर गाडी थोड्या वेळापूर्वीच चाललेली आहे. मग विकणारा काहीही म्हणो. हा आकडा बघितल्याशिवाय स्टार्ट करू देऊ नका. आर56 च्या डॅशबोर्डवर तापमानाचा काटाच नाही, त्यामुळे तिथे बघून कळणार नाही.

इंजिन थंड आहे तोवर आणखी तीन गोष्टी उरकून घ्या. कूलंटच्या टाकीचं झाकण उघडा (गरम इंजिनावर हे कधीच करायचं नाही, उकळता कूलंट अंगावर उडतो). पातळी खुणेखाली असेल तर कारण विचारा. आत तेलकट तवंग किंवा झाकणाखाली पिवळट साय दिसली तर तिथेच थांबा. मग डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी. सगळं मिळून जेमतेम सव्वाचार लिटर ऑइल लागणारं हे इंजिन ऑइल खातं, आणि पातळी कमी असतानाच चेनचा टेन्शनर आधी मरतो. पातळी खालच्या खुणेपाशी असेल तर या मालकाने कधी बॉनेट उघडलंच नाही असं समजा. तिसरं, सुरू व्हायला किती वेळ लागतो ते. थंड असताना स्टार्टर बराच वेळ फिरत राहिला, मग अडखळत सुरू झाली, तर हाय प्रेशर फ्युएल पंपावर संशय घ्या. तोही थंडपणीच उघडा पडतो.

आता सुरू करा, पण तुम्ही बॉनेटपाशी उभे राहा आणि बटण दुसऱ्याला दाबू द्या. फोनवर आवाज रेकॉर्ड करा. पहिले दहा सेकंद कुणीही बोलायचं नाही. विकणारा नेमका याच वेळी म्युझिक सिस्टीमचं कौतुक सांगायला लागतो. खडखड आली तर चेन, टेन्शनर आणि गाइडचं पूर्ण किट आणि मजुरी धरून भाव पाडा किंवा सरळ सोडा. ‘सगळ्या मिनी असाच आवाज करतात’ हे खरं नाही. शंका राहिली तर मिनीवर काम करणाऱ्या मेकॅनिककडे टेन्शनरच्या जागी बसवून चेनचा ताण मोजायचं हत्यार असतं. त्याच्याकडे मोजून घ्या.

ऑइल गळती सगळे बघतात, कूलंटची बघत नाहीत. थर्मोस्टॅटचं घर प्लास्टिकचं आहे, हेडच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला. ते तडकतं. टॉर्च मारून खाली निळसर पांढरी वाळलेली पापडी दिसते का पाहा. तिथून इंजिनाच्या मागून वॉटर पंपाकडे जाणारी प्लास्टिकची नळीही ठिसूळ होते, आणि दोन्ही एकाच वेळी बदलणं शहाणपणाचं, कारण मजुरी तीच. ऑइलसाठी व्हॉल्व्ह कव्हरच्या कडा, ऑइल फिल्टरच्या घराचं गॅस्केट आणि टर्बोला ऑइल पोचवणारी नळी बघा. टर्बोपाशी जळक्या ऑइलचा वास आला तर ती नळीच. गाडी बंद केल्यावरही बॉनेटखाली घूंऽऽ आवाज येत राहिला तर घाबरू नका, टर्बो गार करणारा छोटा विजेचा पंप चालू असतो.

बॉनेट उघडं आहे तोवर पुढच्या दोन्ही शॉकअपचे वरचे टॉवर बघा. आपल्या खड्ड्यांनी या गाडीचं सर्वांत मोठं नुकसान इथे होतं. रन-फ्लॅट (हवा गेली तरी काही अंतर चालणाऱ्या) टायरची भिंत कडक, वर 17 इंची चाकं, त्यामुळे धक्का थेट पत्र्यात जातो आणि टॉवरचा माथा फुगून वर येतो. तीन बोल्टांभोवतीचा पत्रा सपाट असायला हवा. फुगवटा दिसला, बोल्ट बाहेरच्या बाजूला कलले, दोन बाजूंत फरक दिसला, तर अलाइनमेंट कधीच नीट बसणार नाही. उजव्या, म्हणजे आपल्याकडे ड्रायव्हरच्या बाजूचं इंजिन माउंट हायड्रॉलिक आहे. त्यातून काळपट द्रव ओघळलेला असेल तर ते संपलंय.

रंग, डेन्टिंग, दरवाज्यांच्या फटी हे सगळ्यांना माहीत आहे. जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर कंपनीचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन येतो. 300 च्या वर आकडा गेला की खाली लांबी (पुट्टी) भरलेली.

पाणी मात्र मन लावून शोधा. सनरूफच्या निचऱ्याच्या नळ्या पानं-धुळीने तुंबतात आणि पावसाळ्यात पाणी छताच्या अस्तरातून खाली, पायांपाशी उतरतं. मॅट उचला, गालिचा हाताने दाबा, खालचा फोम ओला आहे का बघा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. गाळाची रेघ दिसली तर गाडी पुरात उभी होती. सीटच्या रुळांवर गंज, डिकीतल्या खोलगट भागात चिखलाचा थर, तेच सांगतात. मुंबईची किंवा कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरची गाडी असेल तर लिफ्टवर चढवून सबफ्रेम (इंजिन आणि चाकांना धरणारा खालचा सांगाडा) आणि ब्रेकच्या नळ्यांचा गंज बघायलाच हवा. लिफ्टवर असताना ऑइल संपही बघून घ्या, ही गाडी बुटकी आहे आणि आपले गतिरोधक उंच.

पायांपाशीच फूटवेल मॉड्यूल असतं, दिवे आणि काचा त्यावर चालतात. ते बॅटरी खाली गेली, चुकीच्या पद्धतीने जंप स्टार्ट केलं किंवा बॅटरी काढ-घाल केली की मरू शकतं. त्यामुळे प्रत्येक दिवा, इंडिकेटर, दोन्ही काचा, सगळं चालवून बघा. बॅटरी बंद गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास हवी, चालू गाडीत 13.8 ते 14.5.

स्कॅनर साधा नको, बीएमडब्ल्यूची सगळी मॉड्यूल वाचणारा हवा. चुकांचे कोड नाहीत म्हणून आनंदू नका. रेडिनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते दाखवणारे) बघा. ते ‘पूर्ण नाही’ दाखवत असतील तर कोड काल-परवाच पुसलेले असू शकतात. किलोमीटर फिरवलेत का हे कळायला या गाडीची किल्लीच उपयोगी पडते. किल्लीत चेसिस नंबर आणि किलोमीटरची नोंद असते, सर्व्हिस सेंटरला ती वाचता येते. दोन्ही किल्ल्या मागा. दुसरी ‘घरी कुठेतरी आहे’ असेल तर ती सापडल्यावरच व्यवहार.

टेस्ट ड्राइव्हआधी गाडी दहा मिनिटं जागेवर चालू ठेवा, मग जोरात रेस द्या. सायलेन्सरमधून निळा धूर आला तर व्हॉल्व्ह सील. रस्त्यावर गतिरोधक ओलांडताना पुढून टकटक म्हणजे कंट्रोल आर्मचे बुश. ऑटोमॅटिक असेल तर थांबताना दुसऱ्यावरून पहिल्यावर येताना झटका बसतो का बघा. गिअरबॉक्सचं ऑइल ‘आयुष्यभराचं’ म्हणून कुणी बदलत नाही, 60 ते 80 हजार किमीला बदललेलं असेल तर उत्तम. मॅन्युअल असेल तर तिसऱ्या गिअरमध्ये, कमी वेगात, पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबा. आरपीएम चढला आणि वेग नाही, तर क्लच गेला, आणि कूपर एसमध्ये त्याबरोबर ड्युअल मास फ्लायव्हीलचाही खर्च. एसी भर उन्हात, उभ्या गाडीत तपासा.

पहिल्या दिवशी कुणी गरम गाडी दाखवली आणि बाकी सगळं तुम्हाला आवडलं, तरी दुसऱ्या सकाळी पुन्हा जा. मेकॅनिकला नेणार असाल तर त्यालाही सातला न्या, त्याच्या सोयीने अकराला नाही. व्यवहार एजंटामार्फत असेल आणि गाडी त्याच्या यार्डात उभी असेल, तर आदल्या रात्री फोन करून पुन्हा सांगा. यार्डात गाड्या सकाळी सरकवतात.

टायरवरचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. पाच-सहा वर्षं उलटली असतील तर चारही नवे धरा. टायर रन-फ्लॅट असल्याने या गाडीत स्टेपनी नाही. चाकाच्या लॉक बोल्टचा अडॅप्टर डिकीत आहे का बघा, नाही तर पंक्चरवाल्याकडे बसून राहाल.

कागद. आरसीवरचा आणि काचेखालचा चेसिस नंबर एकच, सुरुवात डब्ल्यूएमडब्ल्यू. कर्ज होतं तर बँकेचं पत्र आणि फॉर्म 35. गाडी नावावर करायला फॉर्म 29, 30. दुसऱ्या राज्याची असेल तर फॉर्म 28 ची एनओसी आणि महाराष्ट्राचा कर किती बसेल ते आरटीओत आधी विचारून मगच भाव. दिल्लीची गाडी स्वस्त का, ते त्यातच कळेल. ई-चलान तपासा. सर्व्हिसची बिलं बघा, नुसते शिक्के नाहीत. गाडीचा संगणक ऑइल बदलायचं अंतर भलतंच लांब दाखवतो, बदल 8 ते 10 हजार किमीला झालेला हवा.

किमतीच्या साधारण पाचवा हिस्सा पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीला बाजूला ठेवा. घरी आणल्यावर ऑइल-फिल्टर लगेच, 5डब्ल्यू-30, बीएमडब्ल्यूच्या लाँगलाइफ प्रमाणाचं. त्यानंतर दर हजार किमीला डिपस्टिक. विमा 14 दिवसांत नावावर करून घ्या, आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो धरून हप्ता काढू नका.