होयाला फुलं हवीत ना, मग कात्री लांब ठेवा
नाशिकला फ्लॅटमध्ये होयाची (मेणासारख्या फुलांचे गुच्छ येणारी शोभेची) वेल लावायची तर पूर्वेची खिडकी बेस्ट, सकाळचं कोवळं ऊन चालतं पण एप्रिल-मे मधलं दुपारचं ऊन थेट लागलं की पानं करपतात. पाणी रोज नको!! पानं जाड असतात, त्यातच साठा असतो, बोट घालून माती कोरडी लागली तरच द्या, नाहीतर मुळं कुजतात. मातीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (पांढरे हलके खडे) मिसळा, कुंडी लहानच. आणि मेन म्हणजे फुलं गळाल्यावर उरलेला देठ कापू नका, त्याच देठावर परत गुच्छ येतो, मी पहिल्या वर्षी साफसफाई म्हणून सगळे छाटले आणि बसले वाट बघत. डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात पाणी अजून कमी.