दिवाळीचा किल्ला: हजार रुपयांत काय आणायचे, काय नाही

दिवाळीच्या बोनसातले हजार रुपये पोरांच्या किल्ल्यासाठी बाजूला काढले असतील, तर ते तयार प्लास्टरच्या किल्ल्यावर घालवू नका. तो आणून ठेवला की पोरांना करायला काही उरतच नाही. दगड, माती, पोती मागून मिळतात. सहाशे रुपये मातीच्या चित्रांना, म्हणजे मावळे-गवळणींच्या छोट्या मूर्तींना ठेवा, ती वर्षानुवर्षे टिकतात. दीडशे बी-रंगाला, उरलेले पेट्रोलला.

पेट्रोल राजहंसगडासाठी. येळ्ळूरचा हा गड बेळगावहून सहज अर्ध्या दिवसात बघून होतो. एकाच टेकडीवर सलग तट असल्याने पाच बाय चार फुटांच्या जागेत तो नीट बसतो. पोरांना दरवाजा आणि बुरूज वहीत काढून घ्यायला लावा. पहिल्याच वर्षी राजगडाचा हट्ट नको. पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या आणि वर बालेकिल्ला, एवढे सगळे आठ फुटांपेक्षा कमी जागेत कोंबले की नुसती टेकाडे दिसतात.

आपल्याकडे कर्नाटकात शाळांची मोठी सुट्टी दसऱ्याच्या आसपासच संपते, दिवाळीला मोजकेच दिवस. त्यामुळे जड काम साधारण दहा दिवस आधीच्या रविवारी उरकावे.

आधी सांगाडा. जांभ्याचे तुकडे, फुटक्या विटा, फुटकी गाडगी यांचा अडीच फूट उंच ढीग रचा. मोठे दगड खाली, कडेला उतरण. पुठ्ठ्याचे खोके आत भरायचा मोह होतो, पण चिखलाचे पाणी लागले की खोके बसते आणि चौथ्या दिवशी बुरूज कलतो.

त्यावर पोती. तागाचीच हवीत, चार पुरतात. शिवण उसवून पूर्ण उघडा, पातळ चिखलात बुडवा आणि एकावर एक चार बोटे चढवून अंथरा. खताच्या प्लास्टिक पोत्यावर माती धरत नाही. पहिल्याच शिंपणाला ती सबंध थराने खाली घसरते.

लेपाला दहा-बारा बुट्ट्या (टोपल्या) चाळलेली तांबडी माती लागते. खानापूरकडे ती दारातच असते. पूर्वेकडे काळी माती हाताशी असली तरी ती वापरू नका, सुकताना आकसून तिला बोटभर भेगा पडतात. दुसरा पर्याय नसेल तर निम्मी वाळू मिसळा. चार बुट्ट्या मातीला एक बुट्टी शेण आणि दोन मुठी बारीक चिरलेले भाताचे पिंजर (पेंढा) घाला. थर दोन इंचांचा, एका दमात न देता सकाळी एक इंच आणि संध्याकाळी एक. तट, पायऱ्या आणि दरवाजा दुसऱ्या दिवशी, माती अर्धवट ओली असताना कोरा.

हिरवळ हेच खरे कसब. दिवाळीच्या सहा दिवस आधी पेरा. उतारावर हळीव: शंभर ग्रॅम अर्धा तास भिजवा, ते बुळबुळीत होऊन मातीला चिकटते, म्हणून घरंगळत नाही. सपाटीला मोहरी किंवा नाचणी. गहू टाळा, आठवड्यात तो वीतभर वाढतो आणि मावळे उसात हरवल्यासारखे दिसतात. मोड दिसेपर्यंत वर ओले पोते ठेवा, नाहीतर चिमण्या आणि मुंग्या निम्मे बी नेतात. मोड आले की पोते लगेच काढा, उशीर झाला तर रोप पिवळे पडते. पाणी तांब्याने ओतू नका, फवारणीच्या बाटलीने सकाळ-संध्याकाळ मारा. सारखी ओल राहिली तर मुळाशी पांढरी बुरशी धरते.

परतीचा पाऊस या दिवसांत संध्याकाळी हमखास गाठतो. चार काठ्या रोवून वर ताडपत्री ताणा, किल्ल्याला मात्र टेकू देऊ नका.

चित्रे सगळ्यात शेवटी, वसुबारसेला मांडा. चित्रांचा रंग दवानेसुद्धा सुटतो, रात्री ती उचलून घरात घ्या. महाराज बालेकिल्ल्यावर, तोफा बुरुजावर, गवळणी आणि बाजार पायथ्याला. रोषणाईला सेलवरची माळ घ्या. ओल्या मातीत घरच्या विजेची वायर नको.

तुळशीच्या लग्नानंतर किल्ला मोडा. माती परसात जाते. चित्रे धुवू नका, कोरड्या ब्रशने झाडून भाताच्या तुसात डब्यात भरा आणि डबा माळ्यावर ठेवा.