लाकडी सांगाड्याच्या मध्ययुगीन घराची दुरुस्ती: या चुका टाळा

इंग्लंडमध्ये, विशेषतः केंट-ससेक्सकडे, ओकच्या सांगाड्याचं जुनं घर घेतलं की पहिला मोह होतो तो भिंती ‘पक्क्या’ करण्याचा. घराला हाच मोह सर्वांत महागात पडतो.

अशा घराचं वजन भिंती पेलत नाहीत. खांब, तुळया आणि तिरके टेकू पेलतात. मधले गाळे कुडाने भरलेले असतात. कोकणात ज्याने कूड पाहिलाय त्याला हे वेगळं सांगायला नको: ओकच्या उभ्या काठ्या, त्यांत विणलेल्या हेझेलच्या फांद्या, वर माती, शेण आणि गवताचा लेप, आणि शेवटी चुना. ओक ओला असतो तेव्हा फुगतो, वाळला की आकसतो. चुना आणि माती ही हालचाल सोसतात, आत शिरलेलं पाणी बाहेरही सोडतात. सिमेंट दोन्ही करत नाही. लाकूड आणि गिलावा जिथे भेटतात तिथे केसाएवढी भेग पडते, पावसाचं पाणी तिथून आत जातं आणि अडकतं. वरून भिंत ठणठणीत दिसते, मागे ओक कुजत असतो.

घरात कुबट वास येतोय किंवा भिंतीच्या पायथ्याशी ओल आहे? मग जमिनीलगतची आडवी तुळई बघा. तिच्यात स्क्रूड्रायव्हर लोण्यात जावा तसा गेला, तर लाकूड गेलेलं आहे. बाहेरची माती किंवा फरशी त्या तुळईच्या वर चढली असेल तर आधी ती खाली घ्या, नाहीतर बाकी सगळा खर्च वाया. सिमेंट हाताने, हळूहळू काढा. तुळईचा कुजलेला भागच कापून तिथे ओकचा जोड द्या, अख्खी तुळई बदलू नका. गिलावा मात्र चुन्याचाच. घर संरक्षित यादीत असेल तर त्याचं रूप बदलणाऱ्या कामाला आधी परवानगी लागते; विनापरवाना काम हा तिथे फौजदारी गुन्हा आहे.

वाकडी तुळई सरळ करायला जाऊ नका. सुतारांनी ओक ओलाच वापरला, तो जागेवर वाळता वाळता वळला. तो दोष नव्हे.

तुळया काळ्या आणि गाळे पांढरे, या रंगाचंही तसंच. तो ठसठशीत काळा रंग बऱ्याच ठिकाणी एकोणिसाव्या शतकातली आवड आहे. उघडा ओक करडा होतो आणि तसाच छान दिसतो.

‘या तुळया जुन्या जहाजाच्या आहेत’ हे जवळजवळ प्रत्येक गावात ऐकू येतं. रिकामी खाच दिसली म्हणून जहाज आठवू नका. बहुधा तिथला टेकू किंवा आडवं लाकूड कधीतरी काढलेलं असतं, नाहीतर ती तुळई दुसऱ्या घरातून आलेली असते. त्यापेक्षा सांध्याजवळ कोरलेले रोमन आकडे शोधा. सुतार सांगाडा आधी आपल्या आवारात जुळवत, खुणा करत, सुटा करून जागेवर आणत आणि पुन्हा उभा करत.

ज्या चुकीने मला सर्वांत जास्त वाईट वाटतं ती म्हणजे वाळूचा मारा करून लाकूड ‘स्वच्छ’ करणं. त्यात या खुणा जातात आणि काजळीही जाते. ससेक्समधल्या सिंगल्टनच्या खुल्या संग्रहालयात पंधराव्या शतकातलं ‘बे-लीफ’ (Bayleaf) हे घर आहे. धरणाच्या पाण्याखाली जाणार म्हणून ते केंटमधून सोडवून आणलं. त्याच्या मुख्य दालनात माळा नाही, धुराडं नाही. चूल जमिनीवर मधोमध आणि धूर थेट छपराकडे. तुमच्या घरात नंतर धुराडं बांधलं असेल, माळा घातला असेल, तरी टॉर्च घेऊन वर चढा. वासे जिथे काळेकुट्ट आहेत, तिथे खाली ते उघडं दालन असणार.