व्होल्ट कुठले, अँपिअर कुठले? रोध आणि पॉवर काढायला शिकताना

व्होल्टेजला करंटने भागलं की रोध मिळतो, दोघांचा गुणाकार केला की पॉवर. हे पाठ व्हायला पाच मिनिटं पुरतात. तरीही प्रॅक्टिकलला नव्याने येणाऱ्यांची उत्तरं चुकतात, आणि भागाकार तपासावा तर तो बिनचूक असतो. नव्यांना मीटर धरायला शिकवताना मला हे सतत दिसतं. घोळ झालेला असतो आकडे उचलताना. म्हणून मी पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट घोकून घेतो: ज्या वस्तूचा रोध काढायचा, त्याच वस्तूच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज, तिच्यातूनच जाणारा करंट, आणि दोन्ही एकाच वेळचे.

उदाहरण घ्या. 12 व्होल्टच्या बॅटरीपासून लांब वायर टाकून एक हीटर जोडला आहे. करंट भरतो 5 अँपिअर. वहीत लगेच उत्तर येतं, 12 भागिले 5, म्हणजे हीटरचा रोध 2.4 ओहम. आता मीटरची दोन टोकं बॅटरीवरून उचलून थेट हीटरच्या टर्मिनलवर ठेवा. तिथे 11.4 व्होल्ट दिसतात. म्हणजे हीटरचा रोध 2.28 ओहम आणि त्याची पॉवर 57 वॅट. उरलेले 0.6 व्होल्ट वायरमध्ये पडले. वायरचा रोध 0.12 ओहम, आणि तिच्यात 3 वॅट निव्वळ उष्णता होऊन जातात. आधीच्या उत्तरात वायरचा रोध हीटरच्या नावावर जमा झाला होता. वायर का तापते, लांब वायरला जाड तार का लागते, हे सगळं त्या 0.6 व्होल्टमध्ये आहे. हा प्रयोग प्रत्येकाने स्वतःच्या हाताने करावा, असं मला मनापासून वाटतं.

एलईडीच्या गणितातही हेच. बॅटरी 9 व्होल्टची, एलईडीवर साधारण 2 व्होल्ट पडतात, करंट हवा 20 मिलिअँपिअर. रेझिस्टरच्या वाट्याला 9 नव्हे, 7 व्होल्ट येतात. 7 भागिले 0.02, म्हणजे 350 ओहम. बाजारात सहज मिळणारी वरची किंमत 390 ओहम. ती घेतली की करंट जवळजवळ 18 मिलिअँपिअर होतो आणि रेझिस्टरमध्ये 0.13 वॅटच्या आसपास पॉवर जाते. पाव वॅटचा रेझिस्टर आरामात चालतो. इथे मिलिअँपिअरचे अँपिअर करायला विसरलात, तर उत्तर हजारपट चुकेल. त्यावर सोपी युक्ती आहे: व्होल्टला मिलिअँपिअरने भागलं की उत्तर थेट किलोओहममध्ये येतं. 7 भागिले 20, 0.35 किलोओहम. मिलि काढत बसायला नको.

रोध काढून झाला की पॉवरचा हिशेब टाळू नका. 100 ओहमचा पाव वॅटचा रेझिस्टर 12 व्होल्टला थेट जोडला, तर करंट फक्त 0.12 अँपिअर. आकडा किरकोळ वाटतो. पण पॉवर होते 1.44 वॅट, झेपते त्याच्या जवळजवळ सहापट. थोड्याच वेळात रंगाचे पट्टे काळवंडतात, जळक्या रंगाचा वास येतो, आणि मग तो कितीचा होता हेही वाचता येत नाही.

‘एकाच वेळचे’ हा भाग मात्र समजायला वेळ लागतो. 230 व्होल्ट, 60 वॅटचा तारेचा बल्ब घ्या. 60 भागिले 230, म्हणजे 0.26 अँपिअर, त्यावरून रोध सुमारे 880 ओहम. आता तोच बल्ब होल्डरमधून काढून थंड असताना मीटरने मोजा. 60-70 ओहमच दिसतात! मीटर बिघडलेला नसतो. टंगस्टनची तार पांढरीशुभ्र तापते तेव्हा तिचा रोध दहापटीहून जास्त वाढतो. थंड रोध धरून पॉवर काढली, तर उत्तर 800 वॅटच्या घरात जाईल. ते खोटंही नाही: बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी करंट खरंच तेवढा उसळू शकतो. पण तो पेटत्या बल्बचा हिशेब नव्हे.

बॅटरीचंही असंच. नुसती मोजलेली 9 व्होल्टची बॅटरी भार, म्हणजे वीज घेणारी वस्तू, जोडल्यावर खाली येते. ज्याच्या नावावरून रोधाच्या एककाला ओहम म्हणतात, त्या शास्त्रज्ञ ओहमलाही ही अडचण आली होती. त्या काळचे विद्युतघट स्थिर व्होल्टेज देत नसत, म्हणून त्याने 1826 च्या प्रयोगांत तांबं आणि बिस्मथ यांची थर्मोकपल (सांध्यांच्या तापमानातल्या फरकावर स्थिर व्होल्टेज देणारी दोन धातूंची जोडी) वापरली, आणि मगच त्याला व्होल्टेज-करंटचं सरळ नातं नीट दिसलं. तेव्हा व्होल्टेज मोजा ते भार चालू असताना.

व्होल्टमीटर समांतर, म्हणजे वस्तूच्या दोन टोकांवर; अँमीटर एकसरीत, म्हणजे करंटच्या वाटेतच. अँमीटर समांतर जोडलात तर तो जवळजवळ शॉर्टच आहे, फ्यूज जाईल. सुरुवातीचे सगळे प्रयोग बॅटरीवरच करा, घरच्या लाइनवर नकोत. मोटरसारख्या वस्तूंना एसीवर हा साधा हिशेब लागूही पडत नाही: तिथे व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट नव्हेत, मध्ये पॉवर फॅक्टर येतो, म्हणजे व्होल्टेज आणि करंट एका लयीत नसल्यामुळे लावावा लागणारा गुणक.

पडताळ्याबद्दल एक सांगायलाच हवं. पुष्कळ जण व्होल्टेज-करंटवरून रोध काढतात, मग त्याच रोधाला करंटच्या वर्गाने गुणून पॉवर काढतात आणि गुणाकाराशी जुळली म्हणून खूश होतात. ती जुळणारच, कारण तोच भागाकार उलटा फिरवलेला असतो. खरा पडताळा हवा असेल, तर वीज बंद करा, रेझिस्टरचं एक टोक सर्किटमधून सोडवा आणि मीटरने त्याचा रोध वेगळा मोजा. 5 टक्के सहनशीलतेचा (छापील आकड्यापेक्षा तेवढा कमी-जास्त चालणारा) 100 ओहमचा रेझिस्टर 95 ते 105 च्या मध्ये यायला हवा. तुमचं काढलेलं उत्तर 130 असेल, तर सूत्राकडे पाहू नका. मीटरची टोकं कुठे लावली होती ते आधी तपासा.